आक्कांची जिनिंगची फेरी

आक्कांच्या घरी गेलेल्या माणसाला कधी कुणी 'बसा' म्हटलं नाही. घरात एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम धुतलेल्या कपड्यांचा ढीग असे. तुम्ही दारात दिसलात की आक्का पायांत चपला सरकवायच्या आणि म्हणायच्या, "चला, चालता चालता बोलू." मग लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो की नळाला पाणी नाही म्हणून आलेली शेजारीण, प्रत्येकाला त्यांच्या मागं निदान गल्लीच्या टोकापर्यंत जावंच लागे. मी लग्न होऊन सेलूला आले, तेव्हा शेजारच्या या बाईंकडे वाटीभर साखर मागायला गेले आणि मोंढ्यापर्यंत, पार कापूस-धान्याच्या बाजारापर्यंत, फिरून आले. वाटेत माझं माहेर, माझी शाळेतली नोकरी, माझ्या सासूबाईंचा संधिवात, सगळं बोलून झालं. साखर मात्र राहिली ती राहिलीच.

आक्का सरकारी नर्स होत्या. सारी नोकरी सेलूच्या आसपासच्या खेड्यांत, बहुतेक पायी. एसटी चुकली म्हणून बाळंतीण थांबत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा अनुभवलं होतं की एसटीची वाट बघायची सवयच मोडली होती. बोलणं थेट. लोक त्यांना थोडे भ्यायचे. लेकराला सुई टोचताना दुसऱ्या नर्स म्हणायच्या, "काही होत नाही हं बाळा." आक्का म्हणायच्या, "दुखणार हाय. पण एकदाच दुखंल." मी एकदा विचारलं, असं कशाला घाबरवता? तर म्हणाल्या, "एकदा फसवलं ना, की ते लेकरू पुन्हा हात देत न्हाई."

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी मी माझ्या वर्गाला 'माझे गाव' या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं. जवळजवळ सगळ्यांच्या चित्रांत स्टेशनच्या बाजूचं ते उंच विटांचं धुराडं होतं. खाली नाव लिहिलं होतं, 'वीटभट्टी'. संध्याकाळी मी ही गंमत आक्कांना सांगितली. आम्ही नेहमीप्रमाणे चालत होतो. आक्का थांबल्या. चालता चालता त्या थांबलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वीटभट्टी?" त्या म्हणाल्या. "अगं मास्तरीणबाई, त्या धुराड्यानं अर्धं गाव पोसलं. कापसाची जिनिंग हाय ती. रविवारी घेऊन या पोरं. मी दाखवते."

रविवारी पोरं आली नाहीत. कुणाची शिकवणी, कुणाची मॅच. धुराड्याच्या रस्त्याला मी, माझे पेंगुळलेले यजमान आणि आमच्या गल्लीतलं एक कुत्रं एवढेच होतो. मला वाटलं, आक्का म्हणतील पुढच्या वेळी बघू. त्यांनी पदर खोचला आणि शंभर माणसांपुढे बोलावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून एकानं ओरडून विचारलं, "आक्का, कुणाला सांगायलाव?"

"जो ऐकायलाय त्याला!" आक्का म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. पुढच्या रविवारी तो हॉटेलवाला स्वतः आला.

अशी ती फेरी सुरू झाली. तिला कुणी हेरिटेज वॉक म्हणू लागलं ते बरंच नंतर, कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर फोटो टाकल्यावर. आक्का 'फेरी'च म्हणायच्या. स्टेशनच्या मालधक्क्यापासून सुरुवात. इथून रुईच्या गाठी डब्यांत भरून मुंबईला जायच्या. मग मोंढा, जिथं हंगामात कापसाच्या बैलगाड्यांची रांग गावाबाहेर जायची आणि गाडीवान रस्त्याकडेलाच भाकरी भाजायचे. मग जिनिंगची मोठी शेड, जिथं कापसातून सरकी वेगळी व्हायची. छताचे पत्रे कधीच उडून गेले होते, पण यंत्रांचे चौथरे होते. आक्का त्यातल्या एकेका चौथऱ्यापाशी एकेका बाईला डोळ्यांपुढे उभं करायच्या. "इथं ओळीनं बाया बसायच्या. दिवसभर रुईचा कीस उडायचा. सकाळी काळ्याभोर केसांची बाई कामावर जायची आणि संध्याकाळी पांढऱ्या केसांची होऊन घरी यायची. घशात जाऊ नये म्हणून गुळाचा खडा तोंडात." मग त्या पिशवीतून खरोखरच गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवायच्या. जिनिंगच्या मालकांबद्दल, यंत्रं कुठून आली त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ते पुस्तकात सापडंल. बाया सापडणार न्हाईत."

फेरी संपायची ती गेटापाशी. लोखंडी, गंजलेलं, माणसाच्या दुप्पट उंचीचं गेट. तिथं आक्कांचा आवाज खाली यायचा. भर दुपारी एकदा शेडला आग लागली होती. आक्का तेव्हा लहान होत्या. बायांनी पदराखाली कापूस नेऊ नये म्हणून हंगामात कामाच्या वेळी गेटाला बाहेरून कुलूप असे. आग लागली तेव्हाही ते होतं. बऱ्याच बाया मागच्या भिंतीवरून निसटल्या. गया नावाची एक बाई आत राहिली ती राहिलीच. आणि मग आक्का, सुई टोचावी तसं, एका दमात सांगायच्या:

"हे कुलूप लावणारा जमादार माझा बाप. चावी त्याच्या कमरेला होती, आन् तो चहाला गेला होता."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. कुणीच बघू शकलं नाही. माणसं चपला घासत, घसा खाकरत पांगायची. आक्का मात्र गेटाकडे पाठ करून ताठ उभ्या असायच्या, शेवटचा माणूस जाईपर्यंत.

गावात बोलणं होणारच. आक्कांचे धाकटे भाऊ वसंतराव यांचं मुख्य रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान. भला, अब्रूला जपणारा माणूस. एका सकाळी ते आक्कांच्या दारात आले. आक्कांनी चपला घातल्या, पण वसंतराव चालायला तयार नव्हते. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि आत जायचं सुचत नव्हतं.

"आक्का, अप्पांना जाऊन किती वर्षं झाली. गाव विसरलं होतं. तू कशाला त्यांना दर रविवारी गेटावर उभं करती?"

"मी न्हाई उभं करत, वसंता. ते तिथंच उभे हायत."

"माझ्या लेकरांना लोक विचारायलेत, तुमचा आजा तोच का म्हणून."

"मग हो म्हणावं."

वसंतराव गेले ते पुन्हा आले नाहीत. त्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट आक्कांनी तयार ठेवलं होतं. दिवस मावळल्यावर त्यांनी ते उचलून ठेवलं, मला हाक मारली आणि म्हणाल्या, "चला, एक चक्कर मारू." आम्ही मुख्य रस्त्यानं गेलो. दुकानात वसंतराव होते. त्यांनी मान वर केली नाही. आक्कांनीही चाल हळू केली नाही. आणि रविवारी फेरीत गेटापाशी त्या नेहमी म्हणत तेच शब्द म्हणाल्या. एकही कमी केला नाही.

आणि मग एका रविवारी सुमनबाई आल्या.

साठीच्या आसपासची बाई, डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. जवळच्याच खेड्यातली. फेरीभर त्या सगळ्यांच्या मागं होत्या. गूळ दिला तो त्यांनी खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला. गेटापाशी आक्कांचं सांगून झालं, माणसं पांगली, तरी त्या तिथंच. आक्कांनी विचारलं, "काय पायजे, बाई?"

"मी गयाची पोरगी," त्या म्हणाल्या.

आक्कांनी हात जोडले.  सुमनबाई रागावलेल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. म्हणाल्या, "हात कशाला जोडता? तुमी काय केलं? मी तवा आजीकडं होते, रांगत होते. मला आईचं तोंड बी आठवत न्हाई. माझ्या भाचीनं सांगितलं, सेलूत एक बाई तुज्या आईचं नाव घेती. म्हनून आले. तुमाला अजून काय ठावं हाय तिचं?"

आक्का पुन्हा आगीचंच सांगू लागल्या.

"तुमच्या गोष्टीत माझी आई नुसती मरतीच," सुमनबाई म्हणाल्या. "ती जगली कशी, ते?"

 घरी परतल्यावर दाराशी आक्का म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बापाचीच गोष्ट सांगायलेय ग. गयाची सांगितलीच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आक्का गयाच्या शोधाला लागल्या. तोवर त्यांचे गुडघे सुजायला लागले होते, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं, त्यावर आक्का म्हणाल्या, "बरं," आणि दवाखान्यातून घरी चालत आल्या. जिनिंगमध्ये काम केलेल्या बाया आता राहिल्या होत्या कुठं? ज्या होत्या त्या लेकीकडे, नातवाकडे पांगलेल्या. नोकरीच्या काळात ज्या खेड्यांत त्यांनी बाळंतपणं केली होती, त्याच खेड्यांत आक्का पुन्हा फिरल्या. जिथं जातील तिथं "नर्सबाई आल्या" म्हणून चहा व्हायचा. माहिती मात्र मिळायची नाही. एक म्हातारी भेटली, पण तिला काही आठवत नव्हतं. दुसरी भेटायच्या आधीच गेली होती. मी म्हटलं, "आक्का, आता पुरे." त्या म्हणाल्या, "पुरे कुणाला? सुमनला की तुला?"

शेवटी हॉटेलवाल्यानं कुणाकडून तरी ऐकून हलीमाबींचं नाव आणलं. परभणीत नातवाकडे राहतात, ऐकायला कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि आक्का एसटीनं परभणीला गेलो. सुमनबाईंना आक्कांनी आधी नेलं नाही. "काय निघंल ते ठावं न्हाई. आधी मी ऐकते."

हलीमाबी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. आक्कांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन "गया" म्हटलं, तशी त्यांच्या हातातली पाकळी खाली पडली.

"गया?" त्या म्हणाल्या. "मेरे बाजूकूच बैठती थी ना. क्या हसती थी, माँ! मुकादम चिल्लाता, तो और हसती थी." मग त्या सांगत गेल्या. गयाला हिरव्या बांगड्यांचा शौक होता. तिला सुपारी लागायची. ओव्या तिच्या इतक्या पाठ होत्या की यंत्राच्या आवाजाच्याही वर ती सूर चढवून म्हणायची आणि सगळ्या जणी मागं धरायच्या. आपल्या रांगत्या पोरीचं ती बोलायची, तिला हंगाम संपला की आजीकडून आणणार होती. आणि त्या दुपारी मागच्या भिंतीपाशी पोचल्यावर हलीमाबींचा हात वर पुरेना. त्या तेव्हा पोरसवदा होत्या, ठेंगण्या. "मेरेकू उसीच ने खांदे पे उठाई. मैं उधर कूदी. पिछे देखी तो धुवाँच धुवाँ."

 मग आक्का पुन्हा कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "मैं जमादार की बेटी." मला वाटलं, आता हलीमाबी तोंड फिरवतील. त्यांनी आक्कांचा हात चाचपून हातात घेतला.

"जमादार तो गेट पेच था, बेटी. चावी लेकेच खडा था. हाथां ऐसे कापरे थे, चावी कुलूप में जाईच नहीं. लोहा तपेला था. हात जलगए उसके, तो भी छोड्या नहीं."

आक्कांनी विचारलं, "चहाला गेले नव्हते?"

"कायकी चा? मैं भिंत पर से देखी ना."

परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसल्या होत्या. मानवत रोड मागं पडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अप्पांच्या उजव्या तळहाताला डाग होता. आई म्हणायची, तापलेल्या तव्याचा. मी नर्स झाले, हजार भाजलेले हात बघितले. बापाचा हात कधी उलटा करून बघितला न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "चहाचं कुणी सांगितलं असंल मला? गावानं सांगितलं, मी खरं धरलं. त्यांनी स्वतः तर काहीच सांगितलं न्हाई."

मला वाटलं होतं, आक्का आता धावत वसंतरावांकडे जातील. त्या गेल्या नाहीत. रविवारच्या आधी त्या सुमनबाईंच्या गावी गेल्या. मीही होते बरोबर. ओसरीवर बसून त्यांनी हिरव्या बांगड्यांपासून खांद्यापर्यंत सगळं सांगितलं. सुमनबाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हसायची?" आक्का म्हणाल्या, "लय हसायची." तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

मग आक्कांनी चावीचं सांगितलं आणि म्हणाल्या, "हे मी गेटावर सांगावं का न्हाई, ते तुमी ठरवा. लोक म्हणतील, बापाचं पाप धुवायलीय. तुमाला नको असंल तर माझ्या पोटात राहील."

सुमनबाईंनी डोळे पुसले. बराच विचार केला. "खरं असंल तर सांगा," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्या आईचं."

त्या रविवारपासून फेरीचा शेवट बदलला. गेटापाशी आधी गया हसू लागली, ओव्या म्हणू लागली, हलीमाबींना खांद्यावर घेऊ लागली. त्यानंतर जमादार. कुलूप त्यानं लावलं होतं, हे वाक्य आक्कांनी काढलं नाही. "हात थरथरले म्हणून कुलूप लावल्याचं सुटत न्हाई," त्या म्हणायच्या. "पण पळाला न्हाई, तेवढं खरं हाय." कधी सुमनबाई स्वतः यायच्या. मग गयाचं त्या सांगायच्या आणि आक्का बाजूला उभ्या राहून ऐकायच्या.

जिनिंगची जागा विकली गेली. प्लॉट पडायचे होते. नव्या मालकाच्या रखवालदारानं आम्हाला आत सोडायचं बंद केलं, तेव्हा आक्कांनी रस्त्यावरून फेरी चालू ठेवली. शेडच्या भिंती पाडायला मशीन आलं, तेव्हा त्या धुळीत पदर तोंडाला बांधून उभ्या राहिल्या आणि पोरांना म्हणाल्या, "नीट बघून घ्या. उद्या सांगायचं तुमालाच हाय." पालिकेत, तहसीलमध्ये, कुठं कुठं जाऊन त्यांनी धुराडं तरी राहू द्या म्हणून सांगितलं. धुराडं अजून उभं आहे. त्याचं श्रेय कुणी कुणी घेतं. आक्कांनी कधी घेतलं नाही. गेट मात्र भंगारात गेलं. मागं दोन दगडी खांब उरले.

त्या थंडीत आक्कांच्या हृदयाचं दुखणं वाढलं. शेवटच्या काही फेऱ्या त्यांनी खुर्चीवर बसून केल्या. खुर्ची कॉलेजची पोरं एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत उचलून न्यायची. बसून बोलण्याचा त्यांना भयंकर राग यायचा. एका बुधवारी दुपारी त्या गेल्या. अंत्यविधीला वसंतराव आले. सगळं त्यांनीच केलं. आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी फेरी होईल की नाही, मला ठाऊक नव्हतं. मालधक्क्यावर जाऊन पाहिलं तर माणसं उभी होती. सुमनबाई होत्या. हॉटेलवाला होता. मी पदर खोचला आणि सुरू केलं. आवाज आक्कांसारखा लागला नाही, पण लागला. मोंढा झाला, शेडची मोकळी जागा झाली. चौथरे नव्हते, तरी बाया मी तिथंच उभ्या केल्या. मग आम्ही त्या दोन खांबांपाशी आलो. सुमनबाईंनी आपल्या आईचं सांगितलं. हिरव्या बांगड्या, हसणं, खांदा, धूर. त्यांचं संपलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढचं मला सगळं पाठ होतं. पण ते बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, हे मी सांगितलं तर ती नुसती ऐकलेली हकिकत होईल. त्यात 'माझा बाप' हे शब्द होते, आणि ते म्हणणारं माणूस आता नव्हतं. मी तशीच उभी राहिले. 

गर्दीच्या मागून कुणीतरी वाट काढत पुढे आलं. पांढरा सदरा, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा हातात. वसंतराव केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. ते माझ्याजवळ आले नाहीत. आधी सुमनबाईंसमोर गेले, त्यांच्यापुढे मान लववली आणि त्यांची परवानगी मागितल्यासारखे क्षणभर थांबले. सुमनबाईंनी मान डोलावली.

मग ते खांबाला पाठ लावून लोकांकडे वळले.  ते म्हणाले, "जमादार माझे वडील. पुढचं मी सांगतो."